हिरवं अस्तर

हेडलीच्या नातीला, टेगनला, पहिला मुलगा झाला ते वर्ष. हेडली म्हणजे माझा थोरला भाऊ. बाळ जुलैत झालं आणि त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी टेगनने पोट सावरत आजोबांचं घर रिकामं केलं. हेडलीला तेव्हा वृद्धाश्रमात जाऊन वर्ष झालेलं होतं आणि तो परत येणार नाही हे सगळ्यांना कळलेलं होतं. मला कुणी मदतीला बोलावलं नाही. मला वाटलं, का बोलावलं नाही? घरात काय आहे जे मी बघू नये? मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. बाहेर जाताना मी फाटकाच्या कडीत काडी अडकवून जाते आणि परत आल्यावर काडी तशीच आहे का बघते. शेजारचा माणूस माझ्या आधी माझं वर्तमानपत्र वाचतो, हे मला घडीवरून कळतं. बर्फावरच्या आणि चिखलातल्या खुणा बघत जिचं तरुणपण गेलं तिने शहरात येऊन बघणं सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही. तर त्या जूनमध्ये, सोमवारी, मी आमच्या रस्त्याच्या टोकाला असलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले. काही घ्यायचं नव्हतं. लॉन्सेस्टनला जूनमध्ये, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, नदीवरून धुकं येतं, ते दुपारपर्यंत उठत नाही आणि त्या दुकानात हीटर असतो. शिवाय लोक काय टाकून देतात ते बघायला मला आवडतं. चादरींच्या ढिगाखालून एक हिरवा कोपरा बाहेर आलेला होता. बिलियर्डच्या टेबलावर असतं तसं जाड, हिरवं लोकरी कापड, त्यावर कुत्र्याचे आखूड पांढरे केस. माझे पाय तिथेच थांबले. ते हिरवं मला ठाऊक होतं. हेडलीच्या घरी शेकोटीसमोर ते तेरा वर्षं पडलेलं मी बघत होते. त्यावर टिप झोपायचा, हेडलीचा कुत्रा. मी खुर्ची जरा पुढे ओढली की टिप गुरगुरायचा. हेडली म्हणायचा, “त्याच्या गादीपासून लांब बस गं, त्याला चालत नाही.” आणि मी लांब बसायचे.

कोपरा धरून ओढला तर ते जड लागलं. एवढंसं कापड इतकं जड नसतं. उलटून बघितलं तर खाली लव. काळी, दाट, बोटाचं पहिलं पेर पूर्ण बुडेल एवढी खोल. पॉसम, मांजराएवढं झाडावरचं जनावर. तेही आमच्या शहरातल्या छपरांवर नाचतं ते राखाडी, विरळ केसांचं नव्हे; वर तळ्यांच्या पठारावर, जिथे हिवाळ्यात बादलीतलं पाणी गोठून बादली फुटते, तिथलं काळं पॉसम. आठ कातडी चौकोनी कापून एकमेकांना शिवलेली. असलं पांघरूण लोक लव वर करून बिछान्यावर घालतात, आलेल्या-गेलेल्याला दाखवतात. हे मात्र लव जमिनीला लावून, अस्तर वर करून, कुत्र्याखाली तेरा वर्षं. जन्मभर कातड्यांत हात असलेली मी त्या खोलीत बसून चहा पीत होते आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की हेडली, या कापडाच्या पोटात काय आहे? एका कोपऱ्याची शिवण उसवलेली होती. मी आत हात घातला. कमावलेल्या कातड्याला वॅटल झाडाच्या सालीचा कडसर वास होता, म्हणजे घरीच बादलीत भिजवून कमावलेलं. बोटाखाली चाकूच्या बारीक रेघा लागल्या. कातड्याच्या आतली चरबी खरवडताना सुरीच्या रेघा उमटतात, त्या जन्मभर जात नाहीत. उजव्या हाताचा माणूस खरवडतो तेव्हा त्या एका बाजूला कललेल्या असतात. या उलट्या बाजूला कललेल्या होत्या, वाऱ्याने गवत उलटं पडावं तशा. पठारावर आमच्या वेळी एकच डावखुरा होता. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. भावाच्या घरातलं पांघरूण भावाने केलेलं, एवढंच. मग तिसऱ्या कातड्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध, माझ्या बोटाला तीन भोकं लागली. चहाचं भांडं ठेवायला तीन दगड मांडतो तशी मांडलेली. शेजारच्या कातड्यावर तशीच आणखी तीन.

मी जवळच्या खुर्चीत बसले. दुकानातली बेव्ह गल्ल्यापाठून ओरडली, “मर्ल, खुर्चीला लेबल आहे हां! बसून बसून तीच गळ्यात पडेल तुझ्या.” मी विचारलं, हे कुणी आणून दिलं? ती म्हणाली, “नाव नाही विचारत आपण. पोटुशी होती बिचारी. आजोबांच्या कुत्र्याचं आहे म्हणाली, धुऊन घ्या. घेतेस की काय? तुझ्याकडे कुठे कुत्रा आहे?” तिने असं विचारलं तेव्हा ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती, असं मला वाटलं. मी पैसे दिले, पिशवीत घाला म्हटलं, मग पिशवी नको म्हटलं आणि ते अंगाशी धरून धुक्यातून घरी आले. फाटकाची काडी बघायची विसरले.

ती भोकं मी पाडलेली होती. बाबांच्या बूट शिवायच्या आरीने, एकावन्न सालच्या हिवाळ्यात. मी वीस वर्षांची होते. दर हिवाळ्यात आम्ही तिघं, बाबा, हेडली आणि मी, खालच्या डेलोरेन गावाहून घोड्यावर पीठ, चहा, साखर आणि दोरीची बंडलं लादून वर पठारावर जायचो आणि हंगाम संपेपर्यंत फळ्यांच्या खोपीत राहायचो. आई नव्हती. बाबा आणि हेडली फास लावायचे: टी-ट्री झुडपाची ओली फांदी वाकवून कमान करायची, तिला दोरीचा फास, जनावराच्या वाटेवर. पॉसम मान घालतं, कमान सुटते, संपलं. उजाडलं की पुरुष फेरीला निघायचे, कारण उशीर केला तर डेव्हिल, म्हणजे कुत्र्याएवढी काळी मांसखाऊ श्वापदं, येऊन जनावर खाऊन टाकतात आणि फासात नुसता जबडा राहतो. बाबा आणि हेडली जागच्या जागी सोलायचे आणि ओली कातडी खांद्यावर टाकून आणायचे. बाबांची नजर अधू होऊ लागल्यापासून सगळं खरवडणं हेडलीकडे होतं. त्यापुढचं काम माझं. राहायच्या खोपीला लागून कातड्यांची खोपी होती, मधोमध जमिनीवर विस्तव, धूर जायला आढ्याला फट. भिंतीवर कातडं लावायचं, लव भिंतीकडे, आतली बाजू विस्तवाकडे, ताणून खिळे ठोकायचे. चार बोटांवर एक खिळा, हा माझा हिशेब. ओलं कातडं आत, विस्तवाच्या अगदी जवळ. वाळत जाईल तसं ते दाराकडे सरकवायचं. दाराजवळ असतं ते सगळ्यात कोरडं, उचलून गठ्ठ्यात बांधायचं. पठारावरच्या प्रत्येक खोपीत हाच क्रम. कुणी शिकवत नाही, लहानपणापासून बघून येतो. मी भिंत बघून सांगायचे, हे कुणी सोललंय, कुणी खरवडलंय, कुणी ठोकलंय, आणि ठोकताना त्याचं डोकं ठिकाणावर होतं की नव्हतं. हेडली मला नावाने कमीच हाक मारायचा. “ए खिळेवाली, भाकर जळतेय तुझी,” असं.

ओढ्यापलीकडच्या खोपीत क्लेम हार्डिमन एकटा राहायचा. चोवीस वर्षांचा, लांब पायांचा, कशावरही हसणारा. तो फास फार सुंदर लावायचा, पण खिळे ठोकायला त्याला येत नसे. मी एकदा त्याच्या भिंतीकडे बघून म्हटलं, “खिळे मारलेस की बटाटे पेरलेस?” तो म्हणाला, “बाईसाहेब, एवढं दिसतंय तर पुढच्या हिवाळ्यात तुम्हीच ठोका. या भिंतीवर.” मग त्याने हसणं थांबवलं आणि कान लाल झाले, तेव्हा मला कळलं की हे विचारणं आहे. मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार कधीचाच झालेला होता. परत येताना ओढ्यातले दगड बर्फाने निसरडे झालेले, तरी माझा पाय एकदाही घसरला नाही, हे मला अजून आठवतं. हेडली दारात बसून खरवडत होता. सगळ्यात आधी मी त्याला सांगितलं. त्याची सुरी थांबली नाही. डाव्या हाताने वरून खाली, वरून खाली. “चांगला आहे क्लेम,” तो म्हणाला. “बाबांना सांगितलंस?” मी म्हटलं, हंगाम संपल्यावर सांगेन. “हां,” तो म्हणाला, “हंगाम संपू दे.” आज मी त्या सुरीकडे पुन्हा पुन्हा बघते. एखादी रेघ खोल गेली होती का? हात जरा दाबला गेला होता का? त्या वेळी मी फक्त माझ्याकडे बघत होते.

आठवड्याभरात आमचे फास रिकामे निघू लागले. कमान सुटलेली, दोरीला चार काळे केस, आणि बर्फ फांदीने झाडलेला. डेव्हिल झाडत नाही. बाबा म्हणाले, “हा दोन पायांचा आहे.” फासातलं जनावर उचलणं ही पठारावर खुनाच्या खालोखालची गोष्ट. एकाच्या खोपीतलं पीठ दुसरा विचारल्याशिवाय घेऊ शकतो, सरपण घेऊ शकतो, फासाला मात्र हात लावायचा नाही. हेडलीने कुणाचं नाव घेतलं नाही. तेच तर. त्याने कधीच कुणाचं नाव घेतलं नाही. तो फेरीवरून यायचा, बूट काढायचा आणि म्हणायचा, “आजही ओढ्याच्या अंगाचेच तीन रिकामे. वरच्या अंगाचे सगळे ठीक.” मग बुटातला बर्फ झटकायचा. ओढ्याच्या अंगाला कोण राहतं हे त्याला सांगावं लागत नव्हतं. मी पहिल्या दिवशी रागावले, दुसऱ्या दिवशी गप्प बसले, चौथ्या दिवशी क्लेमच्या खोपीवरून जाताना मी त्याचं सरपण बघितलं आणि मनात आलं, याने फांद्या कशाला तोडल्यात? संशय असाच येतो. तो आत येताना पाय पुसत नाही. पाचव्या दिवशी क्लेमने मला मधाच्या पोळ्याचा तुकडा दिला आणि मी तो खाताना विचार करत होते, हा आज मला गोड का देतोय?

खूण करायची कल्पना माझी. हे मी कुणावर ढकलत नाही. फासात मेलेलं पॉसम सापडलं की ते तसंच ठेवायचं, फक्त खांद्यांच्या मधोमध लव बाजूला करून आरीने तीन भोकं पाडायची. वरून दिसत नाहीत. सोलल्यावर आतून दिसतात. ज्याच्या भिंतीवर ते कातडं निघेल तो चोर. मला क्लेम सुटावा असं वाटत होतं. तेवढ्यासाठी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. आता मला त्याचीही खात्री नाही. बाबांना सांगितलं नाही, बाबांच्या पोटात काही राहत नसे. फक्त हेडलीला सांगितलं. तो म्हणाला, “डोकं आहे तुला.” तीन सकाळी मी ओढ्याच्या अंगाला गेले, तीन काळी पॉसम, तिघांना तीन-तीन भोकं. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी जनावर गायब. जगात दोनच माणसांना ठाऊक असलेली खूण, त्यातली एक मी. एवढं साधं गणित. मला अक्षरं येत नव्हती, पण दोनातून एक गेला की काय उरतं ते येत होतं. मी ते केलंच नाही.

वरच्या खोपीतले दोन भाऊ, बाबा, हेडली आणि मी असे पाच जण ओढा ओलांडून गेलो. दुपारची वेळ, ऊन पडलेलं. क्लेम चहा करत होता. बाबांना बघून त्याने टोपी काढली, केस बसवले. त्याला वाटलं, बाबा लग्नाचं बोलायला आलेत. हे त्याच्या तोंडावर इतकं स्पष्ट होतं की मी खाली बघितलं. “एवढी वरात!” तो म्हणाला. “कप दोनच आहेत हां, आळीपाळीने प्यावं लागेल.” बाबा म्हणाले, “कातडी बघू दे.” तो म्हणाला, “बघा की.” आणि दार त्याने स्वतः उघडलं. पहिलंच. दाराच्या अगदी शेजारचं. काळं, आणि मधोमध तीन भोकं, त्यातून मागची लव टोचून बाहेर आलेली. मी म्हटलं, “हेच.” क्लेम पुढे आला, वाकला, बोट त्यावर फिरवलं. मग म्हणाला, “हे माझं नाही. मी हे सोललेलं नाही. मर्ल, कातडं नीट बघ.” मी म्हटलं, “बघितलं.” “नीट बघ,” तो म्हणाला, पण या खेपेला तो माझ्याकडे बघत नव्हता, हेडलीकडे बघत होता. हेडली विस्तवाशी उकिडवा बसून हात शेकत होता. बाबा म्हणाले, “भिंत तुझी आहे ना?” क्लेमने काढलेली टोपी परत डोक्यावर घातली. नंतर म्हणाला, “भिंत माझीच आहे.” तो मला सांगू शकला असता. नाव घेऊ शकला असता. पुष्कळ वर्षं मी त्याच्या गप्प बसण्याला कबुली समजले. आता वाटतं, त्याने ते माझ्यावर सोडलं होतं. कातडं वाचता येणारी मी एकटी होते तिथे, आणि माझ्या तोंडून निघालेलंच खरं धरलं गेलं असतं.

कारण मी बघितलं होतं. हे आता, माझ्या दोन खोल्यांच्या घरात, हिरवं अस्तर पुरतं उसवून टेबलावर दिव्याखाली पसरल्यावर मला दिसतंय. दाराशेजारचं ते कातडं ओलं होतं. त्याच्या कडेला पाण्याचा थेंब होता, उन्हात चमकत होता. ओलं कातडं दाराशी कुणी लावत नाही, जो आत विस्तवापर्यंत जायला घाबरतो, घाईत असतो, तोच लावतो. आणि रेघा उलट्या कललेल्या होत्या. डोळ्यांत सगळं गेलेलं होतं. मी फक्त माझी भोकं शोधत होते, आणि ती सापडल्यावर बघणं थांबवलं. ज्याच्या-त्याच्या हाताची रेघ ओळखणारी मी, माझीच खूण बघून आंधळी झाले.

पठारावर पोलीस नव्हते, लागतही नसत. चोराच्या दाराला रिकामा फास टांगायचा. तो टांगला की त्या माणसाने दुसऱ्या सूर्योदयाच्या आत खाली उतरायचं आणि पुन्हा वर यायचं नाही. त्याची कातडी भिंतीवर तशीच राहतात, त्यांना कुणी शिवत नाही. फास टांगायचा तो ज्याची खूण असेल त्याने. बाबांनी दोरी माझ्या हातात दिली. माझी बोटं इतकी गार पडलेली की गाठ बसेना. क्लेम उंबऱ्यावर उभा होता. तो म्हणाला, “दोनदा वेढा दे, मर्ल. एका वेढ्याने सुटते ती.” मी दोनदा वेढा दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या धुराड्यातून धूर नव्हता. पुढच्या हिवाळ्यात मी बाबांच्या भिंतीवर खिळे ठोकले, त्याच्या पुढच्याही. बाबा गेल्यावर हेडलीच्या भिंतीवर. हेडलीने लग्न केलं, जॉयसला धुराने खोकला यायचा, ती कधी वर आली नाही. मी बत्तीस हिवाळे ठोकले, फास कायद्याने बंद होईपर्यंत. लग्नाचं कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं की मी त्याच्या बुटांकडे बघायचे, कुठून आलाय, बुटाला कसला चिखल आहे.

अडुसष्ट साली एका सकाळी हेडलीने वर्तमानपत्र वाचता वाचता मान वर केली. “क्लेम हार्डिमन गेला गं,” तो म्हणाला. “पश्चिमेकडे, लाकडाच्या कामावर. झाड पडलं अंगावर.” मला वाचता येत नव्हतं, मी म्हटलं, पूर्ण वाच. त्याने वाचलं. आवाज सरळ होता. “मागे पत्नी आणि दोन मुलं असा परिवार आहे.” मला आठवतं, मी उठून बटाटे सोलायला घेतले. वाईट वाटलं आणि त्याच्या तळाशी एक ऊब वाटली. बायको होती. दोन मुलं होती. चोर असला तरी संसार झाला त्याचा. त्या दोन मुलांना मी मनात नावं दिली होती, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा, त्यांची वयं मी वाढवत न्यायचे. मुलीचं लग्नही केलं होतं मी एका वर्षी. एकावन्नाव्या वर्षी सार्वजनिक वाचनालयात मी अक्षरं शिकले, पाट्या वाचू लागले, औषधाच्या बाटल्या, मग वर्तमानपत्र. पण ती बातमी शोधावी असं कधी मनात आलं नाही. हेडलीने वाचली होती ना.

हिरवं अस्तर उसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी वाचनालयात गेले. जुनी वर्तमानपत्रं आता काचेच्या पडद्यावर सरकवून बघतात. तिथल्या बाईने मार्च अडुसष्ट काढून दिलं. मी काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. बातमी पाच ओळींची. नाव बरोबर, झाड बरोबर. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की तो अविवाहित होता, कामगारांच्या बराकीत राहत असे, मागे एक बहीण आहे. मी परत वाचलं. बाईने विचारलं, “आज्जी, प्रिंट काढून हवी का?” मी नको म्हटलं. बाहेर पायऱ्यांवर उभी राहिले तर माझी ती दोन मुलं, मोठी आणि धाकटा, नव्हती. छत्तीस वर्षं सांभाळलेली.

गुरुवार हा माझा हेडलीला भेटायचा दिवस. दुपारी दोनला. टेमर नदीच्या काठी बसका, विटांचा आश्रम आहे, आत बटाट्याच्या सुपाचा वास. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हेडली खिडकीशी खुर्चीत होता. पाय गेलेत, डोकं शाबूत आहे, किती शाबूत ते तो आपल्या सोयीने ठरवतो, असा मला संशय होता. मी अस्तर परत टाचून आणलं होतं, एक कोपरा सोडून. ते बघून तो म्हणाला, “टिपचं आहे ते.”

“टिप मेला.”

“मग इकडे दे. मांड्या गार पडल्यात. या बायका हीटर लावत नाहीत, पैसे वाचवतात मेल्या.”

मी त्याच्या मांडीवर घातलं, लव वर करून. तो म्हणाला, “असं नको गं. हिरवं वर.” मी उलटलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीकडे. त्याचा डावा हात, हल्ली सतत थरथरणारा, लवेवरून सरकत कोपऱ्याशी गेला, उसवलेल्या शिवणीत शिरला, पहिलं कातडं ओलांडलं, दुसरं ओलांडलं आणि तिसऱ्यावर थांबला. मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. थांबल्यावर हात थरथरेनासा झाला.

“चांगलं काम आहे,” मी म्हटलं. “कुणाचं?”

“वाचनालयात जाऊन आलीस?”

मला हे अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, “मंगळवारी.”

“तू शिकायला लागलीस तेव्हाच मी जॉयसला म्हटलं होतं, आता ही जाणार. बावीस वर्षं झाली. दर गुरुवारी तू आलीस की मी आधी तुझं तोंड बघतो, आज वाचून आली का.” तो हसल्यासारखं करू लागला. “उशीर केलास, खिळेवाली.”

म्हणजे तोही बघत होता. मी काडी अडकवून जात होते आणि तो माझ्या चेहऱ्यात काडी बघत होता. “बायको आणि दोन मुलं,” मी म्हटलं. “का?”

“तुला बरं वाटलं ना? बटाटे सोलत बसलीस. मला दिसलं, बरं वाटलं ते.”

“आणि आधीचं?”

गाडीवर चहा घेऊन मुलगी आली, दोन कप ठेवून गेली. त्याने कपाला हात लावला नाही. मग म्हणाला, “बाबांची नजर पुरती जात होती, किती ते तुला कळत नव्हतं. ते हिवाळाभर माझ्या मागून, माझ्या बुटांच्या खुणांवर पाय टाकून चालायचे. तू ओढ्यापलीकडे गेली असतीस. मग ठोकलं कुणी असतं? मी एकटा सोलणार, एकटा खरवडणार, बाबांना हाताला धरणार?” आवाज चढला होता, जणू हे काल घडलंय आणि मी अजून निर्णय घ्यायची आहे. “क्लेमला दुसरी मिळाली असती. मला दुसरी कुठून मिळणार होती?”

“त्याला मिळाली नाही.”

“ते मला काय माहीत?”

“तू वाचलंस ते. तुला माहीत होतं.”

बाहेर नदीवर ऊन आलं होतं. मला एकच विचारायचं राहिलं होतं, आणि ते सगळ्यांत लहान होतं, पण तेच मला सोमवारपासून झोपू देत नव्हतं. एक कातडं त्याने क्लेमच्या भिंतीवर लावलं. उरलेली दोन लपवून ठेवली. खाली डेलोरेनला कधीतरी, मागच्या अंगणात, बादलीत वॅटलची साल घालून ती कमावली, आणखी सहांच्या मध्ये शिवली, वर अस्तर घातलं, आणि पन्नास वर्षं बाळगली, माझ्या नजरेसमोर, कुत्रा बसवून. “जाळली का नाहीस?” मी विचारलं. “विस्तव समोर होता. दोन कातडी. कुणाला कळलं असतं?”

हेडलीने माझ्याकडे असं बघितलं जणू मीच वेडी. “काळी होती, मर्ल,” तो म्हणाला. “भर हिवाळ्यातली. एक ओरखडा नाही, फक्त तुझी ती भोकं. असली कातडी कोण जाळतं?”

आणि मला कळलं की मीही जाळली नसती. त्याला माफ करायला जेवढं लागतं तेवढं हे नव्हतं, पण तो माझाच भाऊ आहे हे कळायला पुरेसं होतं. मी पांघरूण त्याच्या मांडीवरून ओढून घेतलं. तो म्हणाला, “अगं, गार पडलेत मांड्या.” मी आश्रमाची पातळ चादर त्याच्यावर घातली, कडा दोन्ही बाजूंनी नीट खोचल्या. निघताना तो म्हणाला, “पुढच्या गुरुवारी बिस्किटं आण, आल्याची.” बाहेर त्याच्या खोलीच्या दाराला कडी होती. माझ्या पर्समध्ये अस्तर टाचून उरलेला दोरा होता. मी कडीकडे बघितलं. एक वेढा दिला असता, दोन दिले असते. मग वाटलं, त्याला कुठे खाली उतरता येणार आहे? आणि टांगणार कोण, ज्याची खूण तोच ना. मी दोरा पर्समध्येच ठेवला आणि घरी आले. फाटकाची काडी जागेवर होती.

पुढच्या गुरुवारी मी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. टेगनचा फोन आला, बाळ झालं म्हणून, आणि जाताजाता म्हणाली, “आजोबा विचारतात, मर्लआजी का येत नाही?” मी म्हटलं, गुडघे दुखतात. ते पांघरूण मी बिछान्यावर घातलंय, लव वर. अस्तर काढून टाकलं. रात्री उताणी झोपले की खालच्या बाजूची ती सहा भोकं पोटावर येतात, लागत नाहीत, पण आहेत हे कळतं. क्लेमची बहीण कुठे असेल ते मी शोधायचा प्रयत्न केला. एक पत्र लिहिलं, चार ओळींचं, ‘तुमचा भाऊ चोर नव्हता, चूक माझी होती, माझ्या भावाने केलं आणि मी बघितलं नाही’ असं. पत्ता मिळाला नाही. पत्र आहे.

क्लेम हार्डिमन मार्च एकोणीसशे अडुसष्टमध्ये वारला, वय एक्केचाळीस, अविवाहित. माझा भाऊ हेडली दोन हजार चार सालच्या ऑगस्टच्या एकोणीस तारखेला, गुरुवारी, दुपारी सव्वादोन वाजता वारला. मी घरीच होते.